वाजवणाऱ्याचे नाव

आगमनकाळ संपून नाताळ पार पडला, की प्रायश्चित्तकाळ सुरू होईपर्यंतचे आठवडे आपल्या धर्मग्रामांत लग्नांचे असतात. पुनरुत्थानाचा सण झाला, की मे महिन्यात पुन्हा तीच धांदल. मुंबई आणि पुणे या दोन शहरांच्या मध्ये वसलेल्या लोणावळा-खंडाळा परिसराला या दिवसांत विशेष मागणी येते. २००२ साली द्रुतगती महामार्ग पूर्ण झाल्यापासून तर दोन्हीकडचे वऱ्हाड सकाळी निघून दुपारपर्यंत घाटमाथ्यावर जमते. लग्न, लग्नाचा रौप्यमहोत्सव, नामकरण, पहिला ख्रिस्तप्रसाद अशा कितीतरी कौटुंबिक समारंभांसाठी येथील बंगले आणि सभागृहे भाड्याने घेतली जातात.

अशा समारंभांत अलीकडे एक नवी रीत रुळली आहे. पूर्वीचा आठ-दहा जणांचा बँड न बोलावता एकच वादक बोलावला जातो. कोणी व्हायोलिनवादक असतो, कोणी सॅक्सोफोन घेऊन येतो, कोणी गिटार किंवा कीबोर्ड. पाहुणे येत असताना आणि जेवणे चालू असताना तो एका कोपऱ्यात उभा राहून वाजवीत असतो. समारंभ आटोपला, की तो वाद्य पेटीत ठेवतो, पाकीट घेतो आणि निघून जातो. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना विचारावे, तर वाद्य कोणते होते ते आठवते, क्वचित एखादे गीतही आठवते. वाजवणाऱ्याचे नाव मात्र कोणाला ठाऊक नसते.

ही बाब आम्हांला किरकोळ वाटत नाही. मंगलप्रसंगी वादक बोलावण्याच्या प्रथेला मावळात दोन हजार वर्षांचा इतिहास आहे, आणि वादकाला माणूस म्हणून किती मोजले गेले, हा त्या इतिहासातील खरा प्रश्न आहे. आपल्या समाजातील अनेक कुटुंबांचे पूर्वज या इतिहासात यजमानाच्या बाजूला नव्हते. ते वाजवणाऱ्यांच्या बाजूला होते. म्हणून हा मागोवा.

भाज्याच्या लेण्यातील वादक

मळवली स्थानकावर उतरले, की लोहमार्गाच्या एका बाजूला कार्ल्याची लेणी आणि दुसऱ्या बाजूला भाज्याची. भाज्याच्या लेणीसमूहात एका विहाराच्या ओसरीत सूर्य आणि इंद्र यांची म्हणून ओळखली जाणारी प्रसिद्ध शिल्पे आहेत. तेथेच एक स्त्री दोन उभ्या तालवाद्यांवर दोन्ही हातांनी ठेका धरीत असून दुसरी स्त्री नाचत आहे, असे एक छोटे शिल्प आहे. या लेण्यांचा काळ इसवी सनापूर्वीचे दुसरे शतक मानला जातो. तबल्यासारख्या जोडवाद्याचा इतका जुना पुरावा म्हणून काही अभ्यासक या शिल्पाकडे बोट दाखवितात. आमच्या दृष्टीने ते मावळातील वादकाचे एक अतिप्राचीन चित्र आहे.

आता समोरच्या कार्ल्याकडे वळावे. तेथील चैत्यगृहात ब्राह्मी लिपीतील अनेक दानलेख कोरलेले आहेत. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने हे शैलगृह पूर्ण केले, असे एक लेख सांगतो. धेनुकाकट नावाच्या गावातील व्यापारी, तेथे राहणारे यवन, एवढेच काय एका सुताराचेही नाव तेथे दगडात टिकून आहे. ज्याने दान दिले, त्याचे नाव राहिले. भाज्याच्या त्या वादक स्त्रीजवळ मात्र एक अक्षरही नाही. देणाऱ्याचे नाव टिकावे आणि वाजवणाऱ्याची केवळ आकृती उरावी, ही रीत मावळात इतकी जुनी आहे.

गावगाड्यातील वाजंत्री

मध्ययुगापासून अगदी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मावळातील खेड्यांचा कारभार बलुतेदारीवर चालत असे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘गावगाडा’ या ग्रंथात या व्यवस्थेचे बारकाईने वर्णन केले आहे. या व्यवस्थेत वादक कोणी ‘ठरवीत’ नसे. सनई-चौघड्याचे काम बहुधा गुरवाकडे, हलगी आणि डफ वाजवण्याचे काम मुख्यत्वे मातंग समाजाकडे, अशी विभागणी जन्माने ठरलेली होती. पाटलाच्या घरी लग्न निघाले, की वाजंत्र्याने हजर व्हायचे. सुगीच्या वेळी खळ्यावरून धान्याचा वाटा घ्यायचा. मान, कापड, शिधा जे काय मिळेल ते रिवाजाप्रमाणे.

या पद्धतीत एक सुरक्षितता होती, हे नाकारता येत नाही. वर्षाचे धान्य ठरलेले असे आणि गावात दुसरा स्पर्धक येत नसे. परंतु त्या सुरक्षिततेची किंमत जबर होती. वाजंत्र्याला आपल्या कामाचा दर सांगता येत नसे, आणि नाही म्हणण्याचा अधिकार तर मुळीच नव्हता. ज्याच्या हलगीवाचून नवरदेवाची वरात हलत नसे, त्याची पंगत मात्र मांडवाबाहेर पडे. वाद्य मंगल आणि वादक अस्पृश्य, असा हा विलक्षण व्यवहार होता.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. गावगाड्यात एकट्या वादकाला जवळजवळ स्थानच नव्हते. सनईवाल्यामागे सूर धरणारा लागे आणि संबळ किंवा चौघडा वाजवणारा लागे. गोंधळ घालायचा तर संबळ आणि तुणतुणे अशी जोडी हवीच. वासुदेव किंवा पिंगळा एकटा फिरे, पण त्याला कोणी बोलावून आणीत नसे. तो पहाटे आपणहून दारी येई. म्हणजे बोलावलेला तो ताफा, आणि एकटा तो फिरस्ता. एकटा वादक सन्मानाने घरात बोलावून आणणे ही आपल्याकडे निराळ्या वाटेने आलेली रीत आहे. त्या वाटेकडे आपण पुढे वळू.

सुपारी, इसार, बिदागी

गावगाड्याबाहेर, पेठांच्या गावी आणि जत्रांच्या ठिकाणी, तमाशाचे फड, गोंधळी आणि बँडवाले ठरवून आणले जात. या ठरवण्याची भाषा मराठीने मोठ्या चोखपणे घडविली आहे. कार्यक्रम पक्का झाल्याची खूण म्हणून यजमान कलावंताला सुपारी देई. आजही बँडवाला ‘अमुक तारखेची सुपारी घेतली आहे’ असेच म्हणतो. सुपारीबरोबर थोडी रक्कम आगाऊ दिली जाई, तिला इसार म्हणत. सुपारी हा शब्द होता आणि इसार ही त्याची जामिनकी होती. कार्यक्रम संपल्यावर कलावंताला निरोप देताना द्यावयाचे द्रव्य ती बिदागी. मजुरी, पगार, भाडे हे शब्द भाषेत असताना कलावंतासाठी निराळा शब्द योजावा आणि तो निरोपाशी जोडावा, यात एक जाण आहे. पाहुण्याची पाठवणी करावी, तशी कलावंताची पाठवणी करावी, हा त्यातील भाव.

बलुत्यापासून सुपारीपर्यंतचा प्रवास म्हणजे हुकुमापासून करारापर्यंतचा प्रवास होय. सुपारी नाकारता येत होती. बलुते नाकारता येत नव्हते.

हा बदल आपोआप घडला नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतनविषयक कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक मांडले. वतनाच्या तुटपुंज्या मोबदल्यात माणसाला रात्रंदिवस राबवून घेणे थांबावे, हा त्यामागचा हेतू होता. गावकीतील कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा मुंबई राज्यात १९५८ साली झाला. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) आणि पुणे जिल्ह्यांतील कितीतरी मराठी ख्रिस्ती कुटुंबे याच गावकीतून आलेली आहेत. ख्रिस्ती होताना त्यांच्या पूर्वजांनी पिढीजात कामाचा जाच मागे टाकण्याचा निश्चय केला, तेव्हा त्या निश्चयात उपासमारीचा धोकाही होता. त्याचे मोल आज पंगतीत बसून बँडच्या तालावर पाय हलविणाऱ्या आपल्या पिढीला सहज कळण्यासारखे नाही.

उच्चभ्रू समाजात शास्त्रीय गवयांची स्थिती याहून फारशी निराळी नव्हती. पंडित विष्णु दिगंबर पलुसकर मिरज संस्थानात बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकत होते. तेथील एका सार्वजनिक समारंभाचे निमंत्रण संस्थानिकांच्या मर्जीतील विष्णु दिगंबरांना आले, परंतु त्यांच्या गुरूंना आले नाही. गुरू झाले तरी ते शेवटी गवईच, असा त्यामागचा विचार होता. विष्णु दिगंबरांच्या जिव्हारी लागलेली ही गोष्ट त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवून ठेवली आहे. १८९६ साली त्यांनी मिरज सोडले. पुढे लोकांनी तिकीट काढून गाणे ऐकण्याची रीत त्यांनी रूढ केली आणि १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. कलावंताने मर्जीवर जगू नये, ठरलेल्या मोलावर आणि मानाने जगावे, हा त्यांचा आग्रह होता.

गोव्याचा व्हायोलिनवादक घाट चढतो

आता एकट्या वादकाकडे येऊ. तो आपल्याकडे आला तो प्रामुख्याने गोव्यातून, आणि तोही चर्चच्या अंगणातून.

पोर्तुगीज राजवटीत गोव्यातील धर्मग्रामशाळांत मुलांना अक्षरओळखीबरोबर स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकविले जाई. शिकविणारा मेस्त हाच बहुधा चर्चच्या गायकवृंदाचा प्रमुख असे. व्हायोलिनला कोंकणीत ‘रबेक’ म्हणतात. घरासमोरच्या किंवा वाटेवरच्या क्रुसापाशी लदीन, म्हणजे पवित्र मरियेची लितानी, म्हणायची असली, की घरचा यजमान रबेक वाजवणाऱ्याला निरोप धाडी. लॅटिन प्रार्थनेला लोक दोन स्वरांत साथ देत आणि त्यांना स्वर धरून देण्याचे काम तो एकटा व्हायोलिनवादक करी. प्रार्थना झाली, की त्याला इतर शेजाऱ्यांबरोबरच उकडलेले चणे आणि पेय मिळे. खाजगी समारंभासाठी एकच वादक बोलावण्याची आपल्या समाजातील रूढी येथे सापडते. हा वादक करमणुकीसाठी बोलावलेला नव्हता. घरच्या प्रार्थनेत तो सहभागी होता आणि पंगतीतही होता.

अर्थात गोव्याच्या इतिहासाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. तेथील इन्क्विझिशनने १७३६ साली काढलेल्या फर्मानाने लग्नप्रसंगी गायच्या ओव्या, विडा-सुपारीची समारंभपूर्वक देवाणघेवाण अशा कित्येक देशी रूढींवर बंदी घातली. अ. का. प्रियोळकर यांनी १९६१ साली प्रसिद्ध केलेल्या इन्क्विझिशनवरील आपल्या ग्रंथात हा इतिहास मांडला आहे. ज्या हातांनी रबेक दिला, त्याच हातांनी ओवी हिरावून घेण्याचा प्रयत्न केला. ओवी तरीही मेली नाही. गोव्यात, वसईत, मुंबईच्या गावठाणांत लग्नगीते टिकून राहिली. ईस्ट इंडियन लोकांत लग्नाआधी वाजतगाजत विहिरीवर जाऊन उंबराचे पाणी आणण्याचा विधी आजही हौसेने होतो. वाद्ये बदलली, परंतु वाद्यावाचून मंगल नाही ही समजूत तशीच राहिली.

एकोणिसाव्या शतकात गोव्याचा वादक पोटासाठी बाहेर पडला. ब्रिटिश पलटणींचे बँड, संस्थानिकांचे बँड, मुंबईतील हॉटेले आणि मूकपटगृहे येथे त्याला काम मिळाले. मुंबईत धोबीतलाव परिसरातील कूड, म्हणजे गावकऱ्यांनी एकत्र राहण्याच्या खोल्या, हेच त्याचे घर आणि हाच त्याचा बाजार. लग्नासाठी वादक हवा असणारा माणूस तेथे जाई, कोण मोकळे आहे याची चौकशी करी आणि ठरवून टाकी.

याच काळात मावळाचे रूप पालटत होते. खंडाळा ते पुणे लोहमार्ग १८५८ साली सुरू झाला आणि २१ एप्रिल १८६३ रोजी बोरघाटातील चढाचा मार्ग खुला होऊन मुंबई-पुणे सलग प्रवास शक्य झाला. लोणावळा हे रेल्वेचे महत्त्वाचे ठाणे बनले. रेल्वेच्या नोकरीत गोवेकर, ईस्ट इंडियन आणि अँग्लो-इंडियन ख्रिस्ती मंडळी मोठ्या प्रमाणात होती. मुंबईच्या धनिकांनी खंडाळ्याला हवा खाण्यासाठी बंगले बांधले. धर्मसंघांनीही येथे विसाव्याची आणि चिंतनाची घरे उभारली. १८८६ साली पुणे धर्मप्रांत स्थापन झाला. पुढे लोणावळ्यात डॉन बॉस्को आणि ऑग्झिलियम यांसारख्या शाळा उभ्या राहिल्या. संत जॉन बॉस्को यांच्या शिक्षणपद्धतीत संगीताला मानाचे स्थान आहे, हे आपण जाणतोच.

रेल्वेमुळे एक साधी पण दूरगामी गोष्ट घडली. घाटमाथ्यावरील समारंभासाठी आता गावच्याच वाजंत्र्यावर अवलंबून राहण्याची गरज उरली नाही. मुंबईतून वादक आणता येऊ लागला. गाडीभाडे, मुक्काम आणि परतीची वेळ हे शब्द वादकाच्या करारात शिरले. ज्याचे गाव ठाऊक नाही, घराणे ठाऊक नाही, असा परका वादक केवळ त्याच्या हुन्नराच्या जोरावर मांडवात उभा राहिला. जातीचा शिक्का पुसण्याच्या दृष्टीने हे एक मोठे पाऊल होते. त्याच वेळी तो अनोळखीही झाला. गावच्या हलगीवाल्याला निदान नावाने हाक मारीत.

पडद्यामागची नावे

मुंबईतील या वादकांच्या नशिबी पुढे एक वेगळेच निनावीपण आले. १९३१ साली बोलपट आला आणि मूकपटगृहांतील वादकांचे काम संपले. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानंतर क्लब आणि हॉटेले यांतील नृत्यसंगीताला ओहोटी लागली. पुष्कळ वादक चित्रपटसृष्टीत गेले. स्वरलिपी लिहिता येणारे, पन्नास वाद्यांचा मेळ बसवू शकणारे हे लोक होते. सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, चिक चॉकलेट या नावाने गाजलेले अँटोनियो झेवियर वाझ अशा कित्येकांनी हिंदी गीतांची वाद्यरचना केली. आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांचे ‘अलबेला’ (१९५१) मधील संगीत चिक चॉकलेट यांच्या साथीवाचून तसे झाले नसते. परंतु श्रेयनामावलीत अशा वाद्यरचनाकारांची नावे क्वचितच आली, आली तर साहाय्यक म्हणून आणि बारीक अक्षरांत.

माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) यांची गोष्ट सर्वपरिचित आहे. चर्चच्या गायकवृंदाचे प्रमुख असलेल्या पित्याचे हे पुत्र १९४३ मध्ये मुंबईला आले आणि चित्रपटांत वाजवू लागले. संगीतकार प्यारेलाल हे त्यांचे विद्यार्थी. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’ या चित्रपटातील एका गीतात त्यांचे नाव आले, ते शिष्याने वाहिलेली गुरुदक्षिणा म्हणून. सारा देश ते नाव गुणगुणला. ते एका खऱ्या वादकाचे नाव आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक होते.

एकाच माणसाचा बँड

१९८० च्या सुमारास जपानी कंपन्यांचे छोटे विजेचे कीबोर्ड बाजारात आले. १९८३ साली निरनिराळ्या कंपन्यांची वाद्ये एकमेकांना जोडण्याची ‘मिडी’ ही पद्धत ठरली. बटण दाबले, की ढोल आणि बास आपोआप वाजू लागले. पुढे गायकाचा आवाज वगळून ध्वनिमुद्रित केलेली साथ, ज्याला आपली मंडळी ‘मायनस वन’ म्हणतात, सहज मिळू लागली. पाच जणांचे काम एक जण करू लागला आणि ‘वन मॅन बँड’ हा शब्द गोव्यात आणि मुंबईत रूढ झाला. यजमानाचा खर्च वाचला. पाचांपैकी चौघे घरी बसले, हा त्याच हिशेबाचा दुसरा रकाना.

२०२० साली महामारीच्या काळात लग्नाला जास्तीत जास्त पन्नास माणसे, असा दंडक आला. पन्नासांत बँडचे आठ जण कोण मोजणार? लहान समारंभ आणि एकटा वादक ही जोडी त्या काळात आणखी घट्ट झाली आणि निर्बंध उठल्यावरही टिकली. अनेक वादकांचे त्या दोन वर्षांत हाल झाले, हे विसरता कामा नये. महिन्याचा पगार नसलेल्या माणसाला रद्द झालेली प्रत्येक तारीख म्हणजे चुलीवरचे एक भांडे कमी.

वेदीसमोर आणि मांडवात

वादक बोलावताना आपल्या कुटुंबांचा एक गोंधळ नेहमी होतो. चर्चमधील लग्नविधी आणि नंतरचा स्वागतसमारंभ यांसाठी एकाच वादकाला एकाच यादीवर उभे केले जाते. या दोहोंतील सीमारेषेबद्दल ख्रिस्तसभेने बराच विचार केला आहे. पोप दहावे पायस यांनी २२ नोव्हेंबर १९०३ रोजी पवित्र संगीताविषयी दिलेल्या आदेशात चर्चमध्ये पियानो आणि गोंगाटी तालवाद्ये यांना मनाई केली होती, बँडलाही मज्जाव केला होता. नाटकी संगीत वेदीपाशी नको, हा त्यांचा कटाक्ष होता. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने ४ डिसेंबर १९६३ च्या उपासनाविषयक संविधानात ऑर्गनचा मान राखून इतर वाद्यांनाही दार उघडले. मात्र ती पवित्र उपासनेला साजेशी असावीत आणि स्थानिक धर्माधिकाऱ्यांची संमती असावी, ही अट ठेवली. त्याच संविधानात मिशन प्रदेशांतील लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला योग्य स्थान द्यावे, असेही म्हटले आहे. आज आपल्या चर्चमध्ये पेटी, तबला आणि बासरी वाजते, ती याच आधाराने.

मौज अशी, की ज्या दोन पाश्चात्त्य धुना वाजल्याखेरीज ‘खरे’ ख्रिस्ती लग्न झाल्यासारखे पुष्कळांना वाटत नाही, त्या दोन्ही रंगभूमीवरच्या आहेत. वधूच्या प्रवेशाची धून वाग्नरच्या ‘लोहेनग्रिन’ या १८५० मधील संगीतिकेतील. बाहेर पडतानाची धून मेंडेल्सोनने १८४२ साली शेक्सपिअरच्या एका सुखात्मिकेसाठी रचलेली. १८५८ च्या जानेवारीत राणी व्हिक्टोरियाच्या थोरल्या कन्येच्या लग्नात त्या वाजल्या आणि जगभर गेल्या. त्याच वर्षी खंडाळ्याहून पुण्याला पहिली आगगाडी निघाली. थोडक्यात, या धुना प्राचीन धर्मपरंपरा नव्हेत; त्या आपल्या रेल्वेइतक्याच जुन्या आहेत. वादकाला त्या वाजवायला सांगण्यापूर्वी धर्मगुरूंना विचारावे, आणि आपल्या भाषेतील एखादे भक्तिगीत त्याला आठवडाभर आधी कळवावे, हे अधिक बरे.

शुभवर्तमानातही बोलावलेले वादक भेटतात. संत मत्तय सांगतो, की अधिकाऱ्याच्या मुलीला उठविण्यासाठी येशू घरात गेला, तेव्हा तेथे बासरीवाले अगोदरच येऊन बसले होते. यहुदी परंपरेतील मिश्ना या ग्रंथात तर गरिबातील गरीब माणसानेही पत्नीच्या अंत्यविधीसाठी निदान दोन बासरीवाले आणावेत, असे रब्बी यहूदा यांचे मत नोंदविले आहे. येशूच्या काळीही मोल देऊन वादक आणणे ही घरोघरची गोष्ट होती, हे यावरून कळते.

वादकांची आश्रयदाती संत सिसिलिया हिच्याबद्दलची कथा याहून बोलकी आहे. तिच्या लग्नात वाद्ये वाजत असताना ती मनोमन देवाचे गीत गात होती, अशी परंपरा सांगते. तेवढ्या एका वाक्यामुळे ती संगीताची संत ठरली. २२ नोव्हेंबर हा तिचा सण, आणि पोप दहाव्या पायस यांचा आदेश त्याच दिवशीचा. तिचे नाव जगाला ठाऊक आहे. त्या दिवशी तिच्या लग्नात कोण वाजवीत होते, ते कोणालाच ठाऊक नाही.

आपले देणे

इतिहासाचा हा धागा हाती धरून आजच्या व्यवहाराकडे पाहिले, तर काही गोष्टी स्पष्ट होतात. सुपारी द्यायची तर शब्द पुरता द्यावा: तारीख, वेळ, किती तास वाजवायचे, मध्ये विश्रांती किती, ध्वनियंत्रणा कोणाची, येण्याजाण्याचा खर्च कोणाचा. लोणावळ्याहून रात्री परतीची गाडी चुकली, तर वादक कोठे झोपणार याचा विचार यजमानाने आधी करावा. इसार द्यावा आणि समारंभ आपल्याकडून रद्द झाला, तर तो परत मागू नये. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाही. तेव्हा साडेनऊला जेवणे सुरू करून वादकाला ‘आणखी एकच’ म्हणत कायद्याच्या कात्रीत धरणे हा अन्यायच होय.

बिदागी ठरल्याप्रमाणे, हाताशी आणि वेळेवर द्यावी. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकात न्याय्य वेतनाचा जो सिद्धांत मांडला, तो गिरणीच्या दाराशी संपत नाही. आपल्या दिवाणखान्यातील व्हायोलिनवादकालाही तो लागू पडतो. ‘चार गाणी वाजवायला एवढे पैसे?’ असे म्हणणारा यजमान त्या चार गाण्यांमागची वीस वर्षे मोजत नाही. आणि वादकाचे ताट पाहुण्यांबरोबरच मांडावे. मांडवाबाहेरची पंगत आपल्या पूर्वजांनी पाहिली आहे. ती आपल्या घरी पुन्हा मांडली जाऊ नये.

शेवटची गोष्ट नावाची. आपल्या देशाच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली कलावंतांच्या हक्कांची तरतूद झाली आणि २०१२ च्या दुरुस्तीने त्यात एक नवे कलम आले. आपल्या सादरीकरणाचा कर्ता म्हणून आपली ओळख दिली जावी, असा हक्क त्या कलमाने वादकाला दिला आहे. त्याच्या वादनाचे चित्रण करून ते सर्वत्र पसरवायचे असेल, तर त्याची संमती घेणे आवश्यक आहे. भाज्याच्या शिल्पातील स्त्रीला जे दोन हजार वर्षांपूर्वी मिळाले नाही, ते आज कायद्याने मिळाले आहे. परंतु लग्नघरात कायद्याचे पुस्तक कोणी उघडीत नसते. तेथे रीत चालते, आणि रीत पाडणे आपल्या हाती आहे.

लग्नपत्रिकेवर किंवा मिस्साविधीच्या पुस्तिकेवर धर्मगुरूंचे नाव असते, करवल्यांची नावे असतात, कधी छायाचित्रकाराचेही असते. त्याखाली एक ओळ वाढवावी: व्हायोलिन अमुक, कीबोर्ड अमुक. स्वागतसमारंभात सूत्रसंचालकाने केक कापण्याआधी वादकाचे नाव आणि गाव एकदा स्पष्टपणे सांगावे, पाहुण्यांना टाळ्या वाजवू द्याव्यात. याला पैसा लागत नाही.